घरी गेल्यावर काय झालं? : हर्नियाच्या ऑपरेशनचा एक वेगळा इतिहास

वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्याला आता तीन वर्षं होतील. त्यांचं डिस्चार्ज कार्ड मी अजून जपून ठेवलंय, कारण त्यावरच्या एका शब्दाने माझ्या पीएचडीतल्या एका प्रकरणाची दिशाच बदलली. 'ऑपरेशननंतरचा काळ' या ओळीपुढे लिहिलंय, 'अनइव्हेन्टफुल'. म्हणजे विशेष काही घडलं नाही.

प्रत्यक्षात काय घडलं ते सांगते. पहिल्याच रात्री लघवी अडकली आणि नळी घालावी लागली. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, तेव्हा जांघ काळीनिळी पडली होती. दहाव्या दिवशी टाक्यांच्या खाली लिंबाएवढी गाठ हाताला लागली. हर्निया परत आला म्हणून घरात सगळे हादरलो. ते नुसतं साचलेलं पाणी निघालं आणि तीन-चार आठवड्यांत आपोआप जिरलं. एवढं सगळं निवळलं, पण एक गोष्ट राहिली. जांघेतून मांडीच्या आतल्या बाजूला वीज चमकावी तशी कळ यायची. ती आठ महिने येत राहिली आणि वडिलांनी त्याबद्दल कोणालाही सांगितलं नाही. एकदा एसटीत चढताना ते दांडी धरून मध्येच थांबले, मागच्या माणसाने आवाज दिला तरी हलले नाहीत, तेव्हा मला संशय आला. विचारलं तर म्हणाले, "अगं, ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुखणारच की थोडंफार."

डॉक्टरांनी कार्डावर खोटं लिहिलं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. लघवी अडकणं हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं, त्यामुळे ती त्यांना 'घटना' वाटली नसेल. बाकीचं सगळं कार्ड लिहून झाल्यावर घडलं. कार्ड तिसऱ्या दिवशी संपलं आणि वडिलांचं बरं होणं तिथून सुरू झालं, इतकी साधी गोष्ट आहे ही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक प्रश्न पडायला हवा. आपण ज्या कागदांवरून इतिहास लिहितो, ते कागद नेमके कितव्या दिवशी बंद झालेले असतात?

आज हा प्रश्न हर्नियाच्या ऑपरेशनच्या निमित्ताने बघूया. तुमचा विषय वैद्यकाचा नसला तरी शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्या वहीत लिहून ठेवण्यासारखं काही हाती लागेल असं वाटतं.

प्रत्येक गुंतागुंतीचं घड्याळ वेगळं

हर्निया म्हणजे अंतर्गळ. पोटाची भिंत एखाद्या ठिकाणी कमजोर होते आणि आतलं आतडं किंवा चरबी तिथून बाहेर डोकावू लागते. सगळ्यात जास्त आढळतो तो जांघेतला, आणि पुरुषांत जास्त. औषधाने तो बरा होत नाही. ऑपरेशन करून ती वाट बंद करावी लागते.

ऑपरेशननंतर ज्या अडचणी येतात त्या सगळ्या एकाच वेळी येत नाहीत. लघवी अडकते ती पहिल्या काही तासांत. रक्त साकळून सूज येते ती दोन-तीन दिवसांत. जखमेत पू होतो तो बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत. नस दुखावली असेल तर सुरुवातीचे दिवस ते दुखणं साध्या जखमेच्या दुखण्यात मिसळून जातं. जखम भरल्यावरही कळ थांबत नाही, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी ते वेगळं ओळखू येतं. आणि हर्निया परत येतो तो कधीकधी काही वर्षांनी.

(जाता जाता एक सांगते. नुकतंच ऑपरेशन झालेलं घरात कोणी असेल आणि ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी लाली, लघवी न होणं, किंवा जांघेत कडक दुखरी गाठ आणि सोबत उलट्या, यांतलं काही दिसलं तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. हा लेख इतिहासाचा आहे, सल्ल्याचा नाही.)

आता यातली गंमत बघा. तुम्ही तिसऱ्या दिवशी मोजणी थांबवली तर तुमच्या आकडेवारीत फक्त लघवी आणि सूज दिसेल. महिन्याने थांबवली तर पूसुद्धा दिसेल. वर्षाने विचारलंत तर दुखणं दिसेल, आणि पाच वर्षांनी शोधत गेलात तर परत आलेला हर्निया. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या ऑपरेशनची 'मुख्य गुंतागुंत' कोणती, याचं उत्तर बदलत गेलं. ते शस्त्रक्रियेचं तंत्र सुधारल्यामुळे बदललं, हे खरंच. पण रुग्णाला कधी आणि काय विचारलं गेलं, यामुळेही ते बदललं. मला मांडायचंय ते हेच.

'बरा झाला' म्हणजे काय?

ब्रिटिश काळातल्या दवाखान्यांचे वार्षिक अहवाल ज्यांनी चाळलेत त्यांना तिथले रकाने माहीत असतील. बरे झालेले, आराम पडलेले, इतर कारणांनी गेलेले, मरण पावलेले. हे सगळे रकाने रुग्ण दवाखान्याच्या दारातून बाहेर पडतानाच्या अवस्थेचे आहेत. पुढे काय झालं याला रकानाच नाही. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी हे आकडे तक्त्यांत उतरवून घेतले आणि 'बरे होण्याचं प्रमाण' काढून मोकळी झाले. गाइडने तो तक्ता बघून एवढंच विचारलं, "बरे झाले, पण किती दिवसांसाठी?" मला उत्तर देता आलं नाही.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही सर्जन स्वतःलाच विचारत होते. तोवर भूल आली होती, जंतुनाशक पद्धती आल्या होत्या, त्यामुळे हर्नियाची ऑपरेशनं धडाक्याने होऊ लागली होती. या ऑपरेशनला तेव्हा नावच 'मूलगामी इलाज' असं दिलं जाई. न्यूयॉर्कचे विल्यम बुल यांनी १८९० च्या सुमारास रुग्णांचा माग काढला तेव्हा चित्र भयंकर दिसलं. एका वर्षातच साधारण ३० ते ४० टक्के हर्निया परत आले होते, आणि चार वर्षांपर्यंत जवळपास सगळेच. बुल यांनी म्हटलं की आपण 'बरे झाले' ही भाषा सोडावी आणि 'किती जणांचा परत आला' या भाषेत निकाल मांडावा. शब्द बदलला की मोजायची गोष्ट बदलते, याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

याच काळात इटलीत एदुआर्दो बस्सिनी काम करत होते. त्यांची स्वतःची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८४४ मध्ये पाव्हियात जन्म. डॉक्टरकीचं शिक्षण पूर्ण होताच ते इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात सामान्य शिपाई म्हणून उतरले. १८६७ मध्ये रोमजवळ व्हिला ग्लोरीच्या चकमकीत त्यांच्या उजव्या जांघेत संगीन घुसली. जखम आतड्यापर्यंत गेली आणि त्या जखमेतून मळ बाहेर येऊ लागला. त्यात कैद झाली. पुढे पाव्हियात उपचार होऊन ते हळूहळू सावरले. त्या जखमेमुळेच ते हर्नियाकडे वळले असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि तसं म्हणण्याचा मोह आपण टाळायला हवा. पण जांघेतली जखम भरायला किती दिवस लागतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही, एवढं नक्की.

बस्सिनींनी १८८४ पासून नवी पद्धत वापरायला घेतली. नुसतं भोक शिवण्याऐवजी जांघेतल्या नळीची मागची भिंत थरांनी नव्याने बांधायची, म्हणजे रुग्णाला पुढे जन्मभर पट्टा बांधावा लागणार नाही. १८८७ मध्ये त्यांनी ही पद्धत इटलीतल्या सर्जनांपुढे मांडली, १८८९ मध्ये पादुआतून पुस्तक काढलं. त्यांनी एकूण २६२ ऑपरेशनांचा हिशेब दिला, आणि हर्निया परत येण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. बुल यांच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

पाठ्यपुस्तकं बस्सिनींना त्यांच्या टाक्यांसाठी लक्षात ठेवतात. ते योग्यच आहे. पण मला त्यांचं दुसरं काम तितकंच मोठं वाटतं. त्यांनी जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा पुढे माग ठेवला, काहींचा तर साडेचार वर्षांपर्यंत. त्या काळी ना फोन, ना धड पत्ते. तरीही त्यांनी तो ठेवला, म्हणूनच त्यांच्या दाव्यावर इतरांना विश्वास ठेवता आला.

पू मोजला, आणि हातमोज्यांचा उपयोग कळला

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड हे सर्जनही त्याच सुमारास हर्नियाच्या मागे होते. तिथली रबरी हातमोज्यांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी जंतुनाशक द्रवाने सोलवटायची. तिच्यासाठी हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करवून घेतले, आणि १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. ही गोष्ट इथेच संपवली जाते. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

ते मोजे तिचे हात वाचवण्यासाठी होते. त्याने रुग्ण वाचतो, हे काही वर्षं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. खुद्द ऑपरेशन करणारा सर्जन बराच काळ उघड्या हातांनीच काम करत राहिला. हॉल्स्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये साडेचारशेहून अधिक हर्नियांच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला. सर्जननेही मोजे घालायला सुरुवात केल्यावर जखमेत पू होण्याचं प्रमाण १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आलं होतं.

हर्नियाचंच ऑपरेशन यासाठी का उपयोगी पडलं? कारण ते 'स्वच्छ' ऑपरेशन आहे. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये पू आधीच असतो, त्यामुळे नंतर झालेला पू कुणाच्या खात्यावर लिहायचा हे कळत नाही. हर्नियात आत पू नसतोच. नंतर झाला तर तो बाहेरून आलाय, बहुधा हातातून. संशोधनासाठी प्रकरण निवडताना हे लक्षात ठेवा. जिथे दोष दुसऱ्यावर ढकलायला जागा कमी आहे, असं प्रकरण जास्त बोलकं असतं.

वर्षाने प्रत्येकाला विचारायचं, एवढीच मागणी

बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी ही सवय सक्तीची करावी असा आग्रह धरला. त्यांची कल्पना ऐकायला अगदी साधी आहे. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करायचं, वर्षाने त्याला गाठून विचारायचं की ऑपरेशनचा उपयोग झाला का, आणि नसेल तर का नाही ते लिहायचं. त्यांनी याला 'अंतिम निकाल' असं नाव दिलं.

मोठ्या रुग्णालयातल्या वरिष्ठांना हे रुचलं नाही. १९१४ मध्ये कॉडमन यांनी तिथला राजीनामा दिला. १९१५ च्या जानेवारीत वैद्यकीय संघटनेच्या एका सभेत त्यांनी वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं व्यंगचित्र झळकावलं, त्यावरून गदारोळ झाला आणि त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. पण त्यांनी स्वतःच्या छोट्या रुग्णालयात ते करून दाखवलं. १९११ ते १९१६ या काळात घरी सोडलेल्या ३३७ रुग्णांची नोंद त्यांनी स्वखर्चाने छापली आणि त्यात १२३ चुका स्वतःहून नोंदवल्या.

आता विचार करा. शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती दोन अहवाल आले. एकात १२३ चुका, दुसऱ्यात एकही नाही. घाईत वाचणारा म्हणेल की पहिलं रुग्णालय वाईट होतं. अर्काइव्हमध्ये आपण सगळेच कधी ना कधी ही चूक करतो. जास्त नोंदी म्हणजे जास्त दोष असं नसतं. कित्येकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की तिथे कोणीतरी प्रामाणिकपणे बघत होतं.

विश्रांतीच जेव्हा दुखणं होते

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हर्नियाचं ऑपरेशन झालं की दोन-तीन आठवडे खाटेवर पडून राहायचं, हा नियम होता. हेतू चांगला होता. टाके उसवू नयेत, भिंतीवर ताण येऊ नये. आपल्याकडेही 'उठू नको, टाके तुटतील' हे वाक्य अजून ऐकू येतं.

पण पडून राहण्याची स्वतःची किंमत होती. पायाच्या शिरांत रक्त गोठतं, ती गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. स्नायू वाळतात. असा रुग्ण दगावला की नोंद न्यूमोनियाच्या नावावर व्हायची, विश्रांतीच्या नावावर नाही. उपचाराने केलेला अपाय आजाराच्या खात्यावर पडत होता.

दुसऱ्या महायुद्धात खाटाही अपुऱ्या होत्या आणि माणसंही लवकर उभी राहायला हवी होती. डेट्रॉइटचे डॅनियल लायथॉउझर यांनी ऑपरेशननंतर लवकर चालवण्याचा पुरस्कार करणारं पुस्तक १९४६ मध्ये लिहिलं. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड अ‍ॅशर यांनी खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर एक छोटा, खुसखुशीत लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. टोरांटोत अर्ल शोल्डाइस यांनी युद्धकाळात हर्नियामुळे सैन्यात नाकारल्या गेलेल्या तरुणांची ऑपरेशनं केली आणि १९४५ मध्ये खास हर्नियासाठी रुग्णालय काढलं. तिथे जागेवर भूल देऊन ऑपरेशन व्हायचं आणि रुग्णाला लगेच चालायला लावायचे. १९५५ मध्ये एडिनबराच्या फर्कर्सन यांनी 'लॅन्सेट'मध्ये ४८५ रुग्णांची हकिगत दिली. ही माणसं ऑपरेशन झाल्यावर काही तासांतच घरी गेली होती.

शोल्डाइस यांच्याकडची एक पद्धत मला फार आवडते. ते जुन्या रुग्णांचं दरवर्षी स्नेहसंमेलन भरवत. जेवण, गप्पा, आणि त्याच वेळी जांघेची तपासणी. रुग्ण आपणहून यायचे. त्यांच्याकडे हर्निया परत येण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिलं, आणि हे त्यांना ठामपणे सांगता आलं ते या जपलेल्या नात्यामुळे. तुमच्यापैकी कोणी क्षेत्रकार्य करणार असेल तर हे लक्षात ठेवा. लोक पुन्हा भेटतात ते आपण त्यांच्याशी कसे वागलो त्यावर.

पण लवकर घरी पाठवण्याची दुसरी बाजूही आहे. रुग्ण तीन आठवडे वॉर्डात होता, तेव्हा निदान नर्सला त्याच्या जखमेतला पू दिसायचा. तो त्याच दिवशी घरी गेला की पू, सूज, रात्रीचं दुखणं हे सगळं घरात घडतं. बघणारी बायको किंवा आई असते आणि ती नोंद करत नाही. रुग्णालयाची वही अधिकाधिक कोरी होत गेली. त्यातलं काही खरोखर कमी झालेलं होतं आणि काही नुसतं नजरेआड गेलेलं.

जाळी आली, आणि मग दुखणं 'सापडलं'

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ह्यूस्टनचे फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकची जाळी वापरायला सुरुवात केली. लॉस एंजेलिसचे अर्व्हिंग लिख्टेनश्टाइन यांनी ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत रुळवली. १९८९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ओळीने १,००० रुग्णांचा निकाल छापला. एक ते पाच वर्षांत एकाचाही हर्निया परत आलेला नव्हता. बुल यांच्यापासून शंभर वर्षं ज्याच्याशी झुंज चालली होती तो शत्रू जवळपास हरला.

मग एक नवाच प्रश्न वर आला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांना वर्षाने विचारलं, दुखतं का? साधारण ६३ टक्के जणांनी काही ना काही दुखतं असं सांगितलं, १२ टक्क्यांच्या आसपास लोकांचं दुखणं मध्यम ते तीव्र होतं. आणि ही ऑपरेशनं जाळीशिवायची, जुन्या पद्धतीची होती! म्हणजे दुखणं जाळीने आणलं असं सरसकट म्हणता येत नाही. जाळीमुळे होणारा त्रासही असतो, पण दुखणं आधीपासून होतंच.

ते कोणालाच माहीत नव्हतं असंही नाही. जांघेतून तीन बारीक नसा जातात, त्यांतली एखादी टाक्यात अडकली किंवा वणात गुरफटली तर जळजळ आणि कळा मागे राहतात. मॅगी नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरांनी १९४२ मध्येच अशा दुखण्याचं वर्णन छापलं होतं. त्यानंतर त्याची गणती व्हायला पन्नासहून अधिक वर्षं गेली, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष हर्निया परत येतो का याकडे होतं. एखादी गोष्ट ठाऊक असणं आणि ती मोजली जाणं, या दोन्हींमध्ये अर्ध्या शतकाचं अंतर असू शकतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा कागद २००१ सालचा, डेन्मार्कमधला आहे. तिथे हर्नियाच्या ऑपरेशनांची देशभराची नोंदवही आहे. तिच्या आधारे संशोधकांनी ऑपरेशनला वर्ष झालेल्या लोकांना पत्राने प्रश्नावली धाडली. १,१६६ जणांची उत्तरं आली. गेल्या महिन्याभरात त्या जागी दुखलं असं २८.७ टक्के जणांनी सांगितलं. ११ टक्के जणांच्या कामात किंवा फुरसतीच्या वेळात त्या दुखण्याने अडथळा येत होता. आणि त्यासाठी डॉक्टरांकडे गेलेले किंवा इलाज घेतलेले होते फक्त ४.५ टक्के.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी वाचनालयात होते. वडील एसटीच्या पायरीवर थांबलेले आठवले. अडथळा होण्याइतकं दुखणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त लोक डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. इतकी चांगली आरोग्यव्यवस्था असलेल्या देशात ही स्थिती. सर्जनला विचारलं असतं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला असता, "माझ्याकडे अशा तक्रारी फारशा येत नाहीत." तक्रार आली नाही याचा अर्थ त्रास नाही, असा होत नाही. रुग्णाला वाटतं हे असंच असतं, डॉक्टरला वाटतं सगळं ठीक आहे, आणि दोघांच्या मध्ये कार्ड कोरं राहतं.

दोंडाईचा ते युगांडा

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो नीट सांगितला जात नाही म्हणून थोडं थांबून सांगते. परदेशी जाळीची किंमत ग्रामीण रुग्णाला झेपणारी नव्हती. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा इथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी निर्जंतुक करून वापरण्याचा मार्ग शोधला आणि सहकाऱ्यांबरोबर केलेल्या शेकडो ऑपरेशनांचे निकाल २००३ मध्ये छापले. (पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी त्याच सुमारास, २००१ मध्ये, जाळीऐवजी रुग्णाच्या स्वतःच्या पोटातल्या पडद्याची पट्टी वापरण्याची पद्धत मांडली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

मच्छरदाणी म्हटल्यावर कोणीही नाक मुरडणार. गरिबांसाठी दुय्यम इलाज, अशी टीका होणं साहजिक होतं. तिला उत्तर काय? पूर्व युगांडात स्वीडिश आणि युगांडाच्या संशोधकांनी ३०२ पुरुषांवर चाचणी केली. काहींना महागडी जाळी, काहींना मच्छरदाणीच्या कापडाची, आणि कोणाला कोणती ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. २०१६ मध्ये निकाल छापून आला. वर्षाने बघितलं तर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, महागड्या गटात एकाचाही नाही. इतर गुंतागुंतींचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ३० टक्क्यांच्या आसपास. एका जाळीची किंमत एक डॉलर, दुसरीची १२५.

आता आणखी एक आकडा बघा. वर्षाने त्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांना पुन्हा गाठलं. हे झालं नसतं तर हरवलेल्या माणसांत किती हर्निया परत आले, असा प्रश्न कोणीही विचारला असता आणि स्वस्त जाळीचा दावा तिथेच पडला असता. बस्सिनींना जे लागू होतं तेच इथेही लागू झालं.

तुमच्या वहीसाठी चार प्रश्न

हर्निया बाजूला ठेवा. तुम्ही शाळाबाह्य मुलांवर काम करत असाल, शेततळ्याच्या योजनेवर, पुनर्वसित गावांवर किंवा एखाद्या जुन्या संस्थेच्या इतिहासावर. कोणताही अहवाल हातात घेतला की हे चार प्रश्न समासात लिहा.

एक, निरीक्षण कधी थांबलं? शेततळं खोदून झालं त्या दिवशी, की दोन उन्हाळे गेल्यावर?

दोन, कोण हरवलं? शंभरांतल्या किती जणांचा पत्ता पुढे लागला नाही, आणि न सापडलेले लोक सापडलेल्यांसारखेच होते का?

तीन, यशाचा शब्द कोणता आहे आणि तो कोणी निवडलाय? 'बरा झाला', 'लाभ दिला', 'पुनर्वसन पूर्ण' हे शब्द देणाऱ्याचे आहेत की घेणाऱ्याचे?

चार, विचारलं होतं का? की तक्रार आली नाही यावरून त्रास नाही असं धरून चाललेत?

एक सावधगिरीही सांगून ठेवते. माझ्या वडिलांची हकिगत हा पुरावा नाही. ती एका माणसाची गोष्ट आहे. तिच्यावरून 'हर्नियाचं ऑपरेशन वाईट' असा निष्कर्ष काढणं मूर्खपणा ठरेल, कारण बहुतेक लोक त्यातून नीट बरे होतात. वैयक्तिक अनुभवाचं काम प्रश्न सुचवण्यापुरतं असतं. उत्तर शोधायला कागदांकडे आणि माणसांकडे जावंच लागतं.

वडिलांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं, नाहीतर मीही कार्ड अर्धवट सोडल्यासारखं होईल. मी त्यांना दुसऱ्या एका सर्जनकडे घेऊन गेले. त्यांनी एका बोटाने जांघेतली नेमकी जागा दाबली आणि वडील दचकले. नस दुखावलीय म्हणाले. त्या जागी सुन्न करणारं इंजेक्शन दोनदा दिलं, काही महिने गोळ्या दिल्या. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण आता ते पुन्हा सायकल चालवतात. थंडीच्या दिवसांत थोडी कळ येते म्हणतात. बाहेर पडताना वडील त्या डॉक्टरांना म्हणाले, "मला वाटलं असंच असतं. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं." डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं की नाही, मी बघितलं नाही. मी घरी येऊन माझ्या वहीत लिहिलं, तारीख घालून.